धर्मकाटा

उत्तर हिंदुस्थानात नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसास रस्त्याच्या कडेच्या ज्या पाट्या बुचकळ्यात टाकतात, त्यांत ‘धर्म काँटा’ ही एक हमखास असते. आम्ही ती प्रथम पाहिली तेव्हा तेथे एखाद्या पंथाचा मठ किंवा धर्मशाळा असावी, अशी आमची समजूत झाली होती. पुढे कळले की, मालमोटारी भरलेल्या आणि रिकाम्या तोलून चिठ्ठी देणारा तो वजनकाटा आहे. तो विकणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, म्हणून धर्माचा. हयात हिशेबखात्यात काढलेल्या आमच्यासारख्याला हे नाव फार आवडले. त्या काट्यावर एके दिवशी आम्हांसही उभे राहावे लागेल, हे मात्र तेव्हा ध्यानीमनी नव्हते.

त्याचे असे झाले. आमचे एक स्नेही बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीचा बहुतेक काळ हिमालयाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी रस्ते आखण्यात गेला. सरकारी जीप आणि सरकारी चालक यांच्या संगतीने ज्या वाटा तुडविल्या, त्यांवरून एकदा स्वतःच्या मोटारीने, कोणाचाही दौरा-कार्यक्रम हाती न घेता जावे, ही त्यांची जुनी इच्छा. निवृत्तीचे पैसे हाती येताच त्यांनी चारही चाकांना शक्ती पुरविणारी, आडवाटेने चढणारी मोटार मागविण्याचे ठरविले आणि ‘तुम्ही हिशेबाचे माणूस, सोबत असा,’ म्हणून आम्हांस विक्रेत्याकडे घेऊन गेले.

विक्रेत्याने पुढ्यात एक यादी ठेवली. यादी लांबलचक होती. परंतु जितके पर्याय, तितकेच त्यांच्याखाली बारीक अक्षरांत छापलेले नकार. मोठे काचेचे छप्पर घेतले तर छतावर जड चौकट बसविता येणार नाही. चारही चाकांची यंत्रणा हवी असेल तर तिच्याबरोबर चामड्याची आसने घेतलीच पाहिजेत. पुढे लोखंडी बंपर आणि गाडी चिखलातून ओढून काढणारी विंच हवी असेल, तर ती आमच्याकडून मिळणार नाही आणि बाहेरून बसविलीत तर जबाबदारी आमची नाही. आमच्या स्नेह्यांचा पारा चढला. “पैसे माझे, गाडी माझी, जीव माझा,” ते म्हणाले, “मग हे घ्या आणि ते घेऊ नका, असे सांगणारी ही कंपनी कोण?”

प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला, तरी तो क्षुल्लक नव्हे. निवडीवर बंधन आले म्हणजे स्वातंत्र्याचा अपमान झाला, ही भावना आपल्या सर्वांच्या अंगात भिनलेली आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी एखाद्या थोर ग्रंथाऐवजी मोटारीच्या यादीचाच आधार घेतला, तर वाचकांनी राग मानू नये.

त्या यादीतले नकार जरा निरखून पाहिले, तर ते एका जातीचे नाहीत असे दिसते. काही नकार पदार्थांच्या स्वभावातून येतात. प्रत्येक मोटारीला एक कमाल भार असतो. चौकट, आस, कमानी, चाकांच्या धावा आणि ब्रेक यांच्या ताकदीवरून तो ठरतो, आणि यांतील सर्वांत दुबळा घटक जेवढे पेलील, तेवढाच तो असतो. टायरच्या बाजूवर एक लहानसा आकडा कोरलेला असतो. तो १०० असेल तर त्या एका टायरने ८०० किलोपेक्षा अधिक पेलू नये, ११२ असेल तर ११२० किलोपेक्षा. छतावरचा भार तर त्याहून नाजूक. लँड रोव्हर कंपनीने २०१९ साली नवी डिफेंडर जाहीर केली, तेव्हा तिच्या छतावर उभ्या गाडीत ३०० किलोंपर्यंत आणि चालत्या गाडीत १६८ किलोंपर्यंत भार चालेल, असे सांगितले. छप्पर तेच, मोटार तीच. केवळ ती हलू लागली की तिची शक्ती निम्म्याजवळ येते, कारण उंचावरचे ओझे वळणावर गाडीला कलवू पाहते. त्याच डिफेंडरच्या ‘११०’ या नमुन्यात पाच जण बसतील, पुढच्या दोहोंच्या मध्ये आसन घेतले तर सहा, मागे छोटी आसने घेतली तर पाच अधिक दोन. पण ही दोन्ही मिळून आठ करता येत नाहीत. असल्या नकारावर रागावणे म्हणजे गुरुत्वाकर्षणावर रागावणे.

दुसरे नकार राज्याचे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या रचनेहून वेगळी रचना वाहनास करण्यास मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई पुन्हा ठामपणे उचलून धरली. मोटारींच्या पुढे लावलेल्या लोखंडी कठड्यांवर कारवाई करावी, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. कारण तो कठडा आतल्या माणसाचा पत्रा वाचवितो आणि बाहेरच्या पादचाऱ्याचा जीव घेतो. नोंदलेल्या भारापेक्षा अधिक भार घालून वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार, अशी शिक्षा आहे. परंतु राज्याच्या मर्यादा म्हणजे पदार्थांच्या मर्यादा नव्हेत. जुलै २०१८ मध्ये सरकारने मालमोटारींच्या आसांवरील भार वाढविला आणि दोन आसांच्या ट्रकचा कायदेशीर भार १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला. अमेरिकेत तर याच्या उलट प्रकार आहे. फोर्ड कंपनीच्या ‘सुपर ड्यूटी’ मालेतील काही मोटारी मागविताना, त्यांचा नोंदीचा भार मुद्दाम खाली आणून दहा हजार पौंडांच्या आत लिहून घेण्याचा पर्याय असतो. कारण त्या आकड्यापलीकडे व्यापारी वाहनांचे नियम आणि वाढीव शुल्क यांचा जाच सुरू होतो. मोटारीतला एकही खिळा बदलत नाही. बदलतो फक्त दाराच्या चौकटीवर चिकटविलेला कागद.

तिसरे नकार निव्वळ व्यापाराचे. चाकांच्या यंत्रणेबरोबर चामड्याची आसने घ्यावीच लागतात, यात निसर्गाचा नियम कोणता? दहा प्रकारांच्या गाड्या बनविण्यापेक्षा तीन प्रकारांच्या बनविणे कारखान्याला सोयीचे पडते, आणि महागडी वस्तू हवीहवीशा वस्तूच्या गळ्यात बांधली की तीही खपते, एवढेच त्याचे रहस्य.

आता गंमत अशी की, यादीत हे तिन्ही नकार एकाच टाइपात, एकाच सुरात छापलेले असतात. ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांमागे निसर्ग आहे, राज्य आहे, की व्यापारी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याचे परिणाम दोन. भोळा मनुष्य व्यापाऱ्याच्या सोयीपुढेही ईश्वरी आज्ञेप्रमाणे मान तुकवितो. आणि तापट मनुष्य व्यापाऱ्यावरच्या रागाने निसर्गाचाही नियम झुगारून देतो. आमचे स्नेही दुसऱ्या वर्गातले. पण त्यांना हसण्यापूर्वी आम्हांस आमच्याच टेबलावरून गेलेली टिपणे आठवली. ‘नियमात बसत नाही’ हा शेरा आम्ही किती अर्जांवर मारला असेल! त्यांपैकी किती ठिकाणी तो नियम खरोखर कोणत्या तरी हिताच्या रक्षणासाठी होता, किती ठिकाणी तो कार्यालयाच्या सोयीसाठी होता, आणि किती ठिकाणी केवळ आमचा कंटाळा नियमाचा अंगरखा घालून उभा होता? अर्जदाराला ते कळण्याची सोय आम्ही कधी ठेवली नाही. कारण न देता केलेला नकार हा तसा मोठा अपराध नव्हे. पण तो ऐकणाऱ्याची सारासार ओळखण्याची शक्ती नासवितो, आणि पुढे खऱ्या धोक्याची सूचनाही त्याला अडवणूकच वाटू लागते.

आमच्या स्नेह्यांनी शेवटी यादीतील एक प्रकार मुकाट्याने मागविला, आणि गाडी ताब्यात येताच ती घेऊन ते बाजारात गेले. कंपनीने जे जे नाकारले होते, ते ते सारे त्यांनी तेथे बसवून घेतले. लोखंडी बंपर ४५ किलो, विंच तारेसह ४०, छतावरची चौकट ४०, तिच्यावर उलगडणारा तंबू ६०, पोटाखालच्या संरक्षक पत्र्या ३५, मागे खणांचे कपाट आणि छोटा शीतकपाट मिळून ७०, दुसरी बॅटरी २०, डिझेलचे दोन भरलेले डबे ४२. हे आकडे आम्ही पावत्यांवरून पुढे मांडले. त्या वेळी कोणी बेरीज केली नव्हती. ती ३५२ किलो भरते. नोंदणीपुस्तकाप्रमाणे गाडीचे रिकामे वजन १९५० आणि कमाल भार २४५० किलो. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ५०० किलोंची मुभा. त्यांपैकी ३५२ किलो, कोणी आत पाय ठेवण्यापूर्वीच खर्ची पडले. उरले १४८. एवढ्यात धड दोन मोठी माणसे आणि एक पिशवी.

पर्यायांच्या यादीचे सर्वांत मोठे कपट हे आहे. ती दिसते बेरजेसारखी आणि असते वजाबाकी. प्रत्येक वस्तू घेताना आपण सामर्थ्य वाढवितो असे वाटते. विंच आली, आता चिखलाची भीती नाही. तंबू आला, आता धर्मशाळेची गरज नाही. दुसरी बॅटरी आली, आता अंधाराची चिंता नाही. यांतील एकेक विधान खरे आहे. पण कमाल भाराचा आकडा यांपैकी कशानेही तसूभर वाढत नाही. वाढते ते स्वतःचे ओझे, आणि त्याच मापाने घटते ती वाहण्याची ताकद. मोटार शेवटी वाहन आहे, वाहण्यासाठी आहे. आणि सर्व संकटांना तोंड देण्याची तयारी करता करता ती स्वतःलाच वाहू लागते.

आपल्या शास्त्रकारांनी यमांमध्ये अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह अशी पाच नावे घातली आहेत. अपरिग्रह हा संन्याशाचा गुण, संसारी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आम्ही आजवर समजत होतो. परंतु हा हिशेब मांडताना वाटले की, त्याचा एक साधा, संसारी अर्थ असावा: जे आपण बाळगतो त्याने आपली जागा व्यापते, आणि ती जागा कधी तरी दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी होती.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, तुम्ही मर्यादेला फारच डोक्यावर घेता. मर्यादा ठरविणाराही माणूसच. तो चुकत नाही काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर म्हणून या जातीच्या मोटारींच्या आद्य पूर्वजाचीच कथा सांगितली पाहिजे. ज्या जीपने पुढे आपल्याकडेही घर केले, जिची जुळणी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी सुरू केली आणि सामूहिक विकास योजनेच्या दिवसांत जी गटविकास अधिकाऱ्याची जणू ओळखच होऊन बसली, तिचा जन्म वजनाच्या एका अशक्य मर्यादेतून झालेला आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने टेहळणीसाठी एक हलकी मोटार हवी म्हणून १३५ कारखानदारांना पाचारण केले. अटी अशा: चारही चाकांना शक्ती हवी, ६०० पौंड म्हणजे सुमारे २७२ किलो भार वाहिला पाहिजे, पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, आणि मोटारीचे स्वतःचे वजन १३०० पौंडांपेक्षा, म्हणजे ५९० किलोंपेक्षा अधिक नको. ही शेवटची अट कोणालाच पाळता येण्याजोगी नव्हती. पुढे आलेल्यांत दोन नावे महत्त्वाची: पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची अमेरिकन बँटम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी, आणि विलिस-ओव्हरलँड. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडा काढला. आपली मोटार मर्यादेच्या कितीतरी बाहेर जाणार, हे त्याला कागदावरच दिसत होते. पण खरा आकडा लिहिला तर निविदा फेटाळली जाणार. तेव्हा, पुढे सांगितल्या गेलेल्या हकिगतीनुसार, बँटमच्या माणसांनी मर्यादेच्या आत बसेल असा आकडा लिहून निविदा भरली. मर्यादा अशक्य आहे, तेव्हा ती आज ना उद्या बदलावीच लागेल, असा त्यामागचा तर्क. विलिसने ४९ दिवसांचे वचन देण्यास नकार दिला आणि ७५ दिवस मागितले. काम अर्थातच बँटमला मिळाले.

२३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बँटमची मोटार मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी केंद्रात दाखल झाली. ती उत्कृष्ट चालली. तिचे वजन मर्यादेपेक्षा पाचशेहून अधिक पौंडांनी जास्त होते. तेथील एका धिप्पाड अधिकाऱ्याने मागे जाऊन गाडीचा मागील भाग स्वतः उचलून पाहिला, आणि दोघा माणसांना ती खड्ड्यातून काढता येईल, तेवढे पुरे, असा निर्वाळा दिला, असे सांगतात. पुढे मर्यादा २१६० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. आता विलिसची पाळी. तिच्या मोटारीत साठ अश्वशक्तीचे दणकट इंजिन होते, आणि ती नव्या मर्यादेलाही दोनशेहून अधिक पौंडांनी ओलांडत होती. विलिसचा प्रमुख अभियंता डेलमार रूस याने इंजिन सोडले नाही आणि आकडाही खोटा लिहिला नाही. त्याने सारी मोटार सुटी केली, प्रत्येक भाग तोलला, बोल्टांची जादा लांबी छाटली, जेथे पातळ पत्रा चालेल तेथे तो घातला, रंगाचा थरसुद्धा मोजून दिला, आणि मोटार मर्यादेत बसविली. पुढे युद्धात प्रत्यक्ष वापरली गेलेली विलिस ‘एमबी’ मात्र सुमारे २४५० पौंडांची होती. म्हणजे अनुभवाने सैन्यानेच आपली मर्यादा पुन्हा सैल केली. महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. जिने पहिली बनविली, त्या बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्याही आतच आल्या.

यातून ‘सत्याचा जय झाला’ असे तात्पर्य काढण्याचा मोह होतो. पण तो आम्ही आवरतो. बँटमच्या हातून काम गेले ते तिच्या खोट्या आकड्यामुळे नव्हे. तिचा कारखाना लहान होता म्हणून. आणि त्या खोट्या आकड्यावाचून जीप वेळेवर जन्मली असती की नाही, हेही सांगवत नाही. मग बँटमने केले ते योग्य की अयोग्य? आम्हां सरकारी माणसांना हा प्रश्न परका नाही. मंजुरी मिळावी म्हणून अंदाजपत्रक मुद्दाम कमी मांडायचे, आणि काम अर्धे झाल्यावर सुधारित अंदाजपत्रक पाठवायचे, ही विद्या कोणत्या खात्यात नाही? कित्येक उपयुक्त पूल आणि शाळा याच मार्गाने उभ्या राहिल्या आहेत. लेखापरीक्षक म्हणून आम्ही त्यांवर आक्षेप लिहिले. माणूस म्हणून त्या पुलांवरून गेलो.

आमचे मत विचाराल तर ते असे. जी मर्यादा कोणालाच पाळता येत नाही, ती माणसांना सचोटी न शिकविता खोटे लिहिण्यास शिकविते, आणि त्या पापाचा मोठा वाटा मर्यादा ठरविणाऱ्याच्या पदरी पडतो. तथापि ज्याने खोटा आकडा लिहिला, तो त्यामुळे सुटत नाही. कारण त्याच्या शेजारी एक जण खरा आकडा लिहून मागे राहिलेला असतो. चुकीच्या मर्यादेला उत्तर देण्याचा प्रामाणिक मार्ग रूसचा: आधी स्वतःचे बोल्ट छाटून पाहावेत, मग मर्यादा बदला असे उघड म्हणावे. बँटमच्या बाजूने एक मात्र कबूल केलेच पाहिजे. त्यांनी मर्यादा मोडली ती वाहून नेण्याचे सामर्थ्य असलेली मोटार निर्माण व्हावी म्हणून. आमच्या स्नेह्यांची गोष्ट नेमकी उलटी होती.

ती गोष्ट आता पुरी करतो. जूनमध्ये आम्ही चौघे त्या सुसज्ज मोटारीतून निघालो. सिमला, रामपूर, रेकाँगपिओ, मग सतलजला सोडून स्पितीच्या काठाने नाको आणि ताबो. गाडी चढणीवर धापा टाकीत होती आणि उतारावर ब्रेकचा जळका वास येत होता. स्नेही त्याला ‘नवेपणाचा वास’ म्हणत होते. ताबोच्या पुढे एका वळणावर एक म्हातारी हात करून उभी होती. तिच्याजवळ दगडावर सात-आठ वर्षांचा नातू बसला होता. त्याच्या पायाला फडके गुंडाळलेले होते आणि पाऊल सुजून निळे पडले होते. काझाच्या दवाखान्यात जायचे आहे, बस सकाळीच गेली, एवढेच ती म्हणाली. अंतर चाळीस-एक किलोमीटरचे असेल.

स्नेह्यांनी मागे वळून पाहिले. मागच्या आसनावर आम्ही दोघे, मध्ये पिशव्या; त्यामागे कपाट, शीतकपाट, डबे. मग ते तिला अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “माताजी, गाडी में वज़न पहले ही ज़्यादा है.” आणि हे अक्षरशः खरे होते. ज्या आकड्याची आठवण त्यांना बाजारात एकदाही झाली नाही, तो आकडा त्या वळणावर त्यांच्या ओठांवर तयार होता. आम्ही काय केले? काहीच नाही. आमच्या पिशवीत वाटेत वाचायला म्हणून घेतलेली दहा-बारा किलोंची पुस्तके होती. ती आणि तंबू रस्त्याकडेला कोणाच्या तरी घरी ठेवून येताना परत घेता आली असती. हे आम्हांला सुचले नाही असे नाही. सुचले, पण स्नेह्यांनी निर्णय दिला आहे, तो त्यांच्या गाडीचा प्रश्न आहे, या विचाराने आम्हांस हायसे वाटले. गाडी पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी काझाच्या बाजारात ती दोघे पुन्हा दिसली. मुलाच्या पायाला स्वच्छ पट्टी होती. कोणा मटारवाल्याच्या मालगाडीने त्यांना आणले होते. म्हातारीने आम्हांला ओळखले आणि हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आम्ही नमस्कार केला खरा, पण वर पाहवेना.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. डोंगर उतरून सपाटीला लागल्यावर ‘धर्म काँटा’ अशी पाटी दिसली, आणि स्नेह्यांनी न विचारता गाडी आत घातली. दोन ट्रकांच्या मागे आमचा नंबर लागला. काटेवाल्याने हसत हसत चिठ्ठी दिली: २६२० किलो. मर्यादेपेक्षा १७० जास्त. आणि वाटेत खाल्ले, जाळले ते वेगळेच. स्नेह्यांनी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, “अहो, मी तिला नाही म्हणालो, ते चूकच होते का? त्या उतारावर आणखी साठ-सत्तर किलो घेतले असते, ब्रेक गेले असते, तर तिचाही जीव गेला असता.”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणणेही खोटे आणि ‘नाही’ म्हणणेही खोटे. त्या वळणावर, तशा भरलेल्या गाडीने, तसेच पुढे जायचे तर नकार देणेच शहाणपणाचे होते. पण अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात एक मुद्दा मांडला आहे: फेकलेला दगड परत बोलावणे माणसाच्या हाती नसते; पण तो उचलणे आणि फेकणे त्याच्या हाती होते, म्हणून दगड जेथे पडेल त्याची जबाबदारी त्याचीच. आमचा दगड ताबोच्या पुढे पडला. तो फेकला गेला होता बाजारात, एकेक वस्तू बसविताना, आणि आमच्या घरी, एकेक पुस्तक पिशवीत घालताना. आपण समजतो की सदाचाराची परीक्षा प्रसंग समोर उभा राहतो तेव्हा होते. पुष्कळदा तेव्हा फक्त निकाल लागतो. परीक्षा आधीच, कोणी पाहत नसताना, होऊन गेलेली असते. त्या क्षणी आपण ‘मला शक्य नाही’ म्हणतो, आणि ते खरेही असते. फक्त ते अशक्य आपणच हळूहळू घडविलेले असते.

आणि याहूनही बोचणारी गोष्ट दुसरी. मर्यादेचा आकडा आमच्याजवळ पहिल्यापासून होता. स्वतःसाठी घेताना आम्ही तो मानला नाही. दुसऱ्याला नाकारताना तोच कायदा म्हणून पुढे केला. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. ती आकड्यांविषयीही खरी आहे. नियम खरा मानतो की नाही, याची खूण नियम किती कठोरपणे सांगतो यात नाही. तो प्रथम कोणाच्या सामानाला लावतो, यात आहे. आमच्या टेबलावरच्या त्या ‘नियमात बसत नाही’ या शेऱ्यांचा हिशेब या कसोटीवर मांडण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही.

बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपणां बदलीच्या माणसांना वजनाचा हा विषय नवा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली लागू झालेल्या नियमांत बदलीच्या वेळी घरसामान नेण्याची मर्यादा सहाव्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्यांना ६००० किलो, पाचव्या स्तराला ३००० आणि त्याखालच्यांना १५०० किलो अशी घातली होती. पाटा-वरवंटा, देव्हारा, आईच्या वेळचा तांब्याचा बंब, पुस्तकांच्या पेट्या, असे करता करता आमचे सामान दर बदलीला वाढत गेले, आणि दर वेळी आम्ही सहा हजारांच्या आत आहोत याचे आम्हांस समाधान वाटत गेले. ज्या शिपायाने ते उचलून गाडीत चढविले, त्याची स्वतःची मर्यादा दीड हजाराची होती, हे आता हे लिहिताना लक्षात येत आहे.

स्नेह्यांनी तंबू, शीतकपाट आणि दुसरी बॅटरी काढून विकली. लोखंडी बंपरही उतरविला. विंच मात्र ठेवली, कारण तिने दुसऱ्याचीही गाडी ओढून काढता येते, असे ते म्हणतात. हिशेब आम्हीच करून दिला. पिशव्या हलक्या ठेवल्या, तर आता एक म्हातारी व एक पोर यांचीही जागा उरते. पुढील जूनमध्ये पुन्हा त्याच वाटेने जाण्याचा बेत आहे. पुस्तकांपैकी एकच बरोबर घ्यावे, असे आम्ही ठरविले आहे. कोणते, ते अद्याप ठरत नाही.